रास तनुराचा कोवळा राजा

या देशात बाईला तिच्या स्वतःच्या नावानं फारसं कोणी हाक मारत नाही. पहिला मुलगा झाला की ती त्याची उम्म. उम्म म्हणजे आई, आणि पुढे मुलाचं नाव. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. चिपळूणहून सौदीतल्या रास तनुराला मी काही कुणाची आई म्हणून आले नव्हते. फिजिओथेरपीची डिग्री घेऊन, इथली परीक्षा पास होऊन, लायसन्स काढून आले होते. छातीवर नावाचा बिल्ला होता, इंग्रजीत आणि अरबीत. पण तो वाचतंय कोण! पहिल्याच आठवड्यात एका पेशंट बाईनं विचारलं, मुलगा आहे का, नाव काय. मी सांगितलं. तिनं ते आपल्या परीनं वाकवून उच्चारलं आणि त्या दिवसापासून अख्ख्या पॉलिक्लिनिकमध्ये मी उम्म-अमुक झाले. अमुक म्हणतेय, कारण ते नाव मी इथंही लिहिणार नाहीये. का, ते कळेलच.

मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. मुलगी त्यानंतर तीन वर्षांनी झाली, ती इथलीच. शाळेची व्हॅन त्याला दुपारी क्लिनिकच्या दारात सोडायची आणि माझी ड्यूटी संपेपर्यंत तो वेटिंग रूममध्ये बसायचा. सगळ्या म्हाताऱ्या त्याच्यावर खूष. खजूर काय, चॉकलेटं काय, चंगळ होती लेकाची. पुढे जरा मोठा झाल्यावर तो बसल्या बसल्या कागदावर चित्रं काढायचा. चित्रं म्हणजे चौकोनी डोकी, डोळे वटारलेली, शेजारी टिंबं आणि आडव्या रेघा. मला आधी वाटलं कुठल्यातरी गेममधली भुतं असतील. विचारलं तर म्हणाला, आई, ही अक्षरं आहेत. माया लोकांची. हे डोकं म्हणजे राजा.

तेरा-चौदाव्या वर्षी पोरांना काही ना काही खूळ लागतंच. कुणाला गाड्या, कुणाला फुटबॉल. याला माया राजांच्या पदव्या. देवळं, पिरॅमिड यांच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कोण कोणाच्या वर, कुणाला काय म्हणायचं, एवढ्यातच त्याचा जीव. साधा राजा तो अहाव. ज्याच्यात देवपण असतं तो कुहुल अहाव, म्हणजे पवित्र राजा, आणि तो नेहमी कुठल्यातरी गावाचा असतो. हाताखालचा सरदार तो साहाल. सगळ्यांच्या वरचा तो कालोमते. आणि गादीवर बसायचा असतो तो चोक, म्हणजे कोंब, कोवळा. हे सगळं तो मला अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत सांगायचा, भाजी चिरताना, मागे मागे फिरून. मी म्हणायचे, अरे गणिताचा पेपर आहे ना उद्या? मग जायचा आणि दहा मिनिटांनी परत यायचा.

आमच्या फ्रीजवर त्यानं एक तक्ता लावला होता. बाबा कालोमते. मी रास तनुराची पवित्र राणी. तो स्वतः रास तनुराचा कोवळा राजा. बहीण त्याची कैदी. त्यावरून घरात महाभारत झालं. बहीण रडून रडून लाल. तेव्हा त्यानं मोठ्या गंभीरपणे समजावलं की अगं, कैदी असणं साधं नाही. एखाद्या राजानं कुणाला पकडलं की तो आयुष्यभर स्वतःच्या नावाला त्याचं नाव जोडायचा, अमक्याचा धनी म्हणून. तो कैदी मेला तरी दगडावर राजाच्या नावाशेजारी त्याचं नाव राहायचंच. म्हणजे माझ्या नावात तुझं नाव कायमचं. तिला ते पटलं की नाही देव जाणे, पण रडं थांबलं.

मी म्हटलं, हे तर इथल्यासारखंच झालं की. माझ्या नावात तुझं. त्यावर तो म्हणाला की नाही, मायांकडे उलटं पण असायचं, राजाच्या नावापुढे अमक्या बाईचं लेकरू असं कोरायचे, आईच्या सगळ्या पदव्यांसकट. मी म्हटलं, बरे होते तर ते लोक. तो म्हणाला, फिट्टंफाट. हा शब्द तो माझ्याकडूनच शिकला होता.

तक्त्याच्या खाली एक तारीख होती. माया लोक सात हजार दोनशे दिवसांचा एक कातुन धरायचे, आपल्या हिशेबानं वीस वर्षांहून थोडा कमी. राजा कितव्या कातुनात आहे हीसुद्धा पदवी असायची, तीन कातुनांचा राजा, चार कातुनांचा राजा. तो म्हणायचा, पहिल्या कातुनाचं कौतुक कुणालाच नसतं, खरी ऐट दुसऱ्यापासून. स्वतःचा पहिला कातुन कधी संपतो ते त्यानं मोजून ठेवलं होतं. विसाव्या वाढदिवसाच्या साडेतीन महिने आधी. त्या दिवशी केक हवा, असं त्यानं मला चौदाव्या वर्षीच बजावून ठेवलं होतं.

इथं बारावीनंतर पोरांना ठेवता येत नाही. तो पुण्याला इंजिनीअरिंगला गेला. दुसऱ्या वर्षाला होता. एका मंगळवारी फोनवर म्हणाला, अंग तापलंय. मी म्हटलं, पॅरासिटामॉल घे, पाणी पी, होस्टेलवर पड. मी. रोज डॉक्टरांत वावरणारी बाई. गुरुवारी त्याच्या मित्रांनी त्याला दवाखान्यात हलवलं, डेंग्यू निघाला. इथून बाहेर जाऊन परत यायला एक्झिट री-एंट्री व्हिसा लागतो. नवऱ्याचा तयार होता, तो शुक्रवारी पहाटे निघाला. माझ्या एक्झिट री-एंट्रीची मुदत कधीच संपली होती आणि मी ती बघितलीच नव्हती. शुक्रवार-शनिवार इथं ऑफिसं बंद. कोणाचीच चूक नव्हती, माझीच होती. रविवारी सकाळी व्हिसा हातात आला. मुलगा शनिवारी संध्याकाळीच गेला. त्याच्या त्या तारखेला एकेचाळीस दिवस उरले होते.

तेरावं करून मी परत आले. नोकरी होती, मुलीची शाळा होती. आमच्या क्लिनिकमध्ये नागपूरची एक नर्स आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. कामावर यायच्या आदल्या दिवशी मी तिला फोन केला.

"माझ्यासमोर त्याचं नाव कोणी काढायचं नाही. एकानंसुद्धा. सगळ्यांना सांग."

मला वाटलं होतं, दारातून आत शिरल्या शिरल्या कुणी उम्म म्हणून त्याचं नाव घेतलं तर मी तिथंच कोसळेन. म्हणून बोलले. आणि ती पोरगी कामाला पक्की. तिनं रिसेप्शनवरच्या केरळी मुलाला सांगितलं, फिलिपिनी नर्सना सांगितलं, इजिप्शियन डॉक्टरांना सांगितलं, सफाईच्या बायकांना सांगितलं. नेहमीच्या पेशंटांनासुद्धा एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं. इथल्या लोकांत असं काही नसतं. मुलगा गेला तरी आई त्याचीच उम्म राहते, मरेपर्यंत, ते नाव कुणी काढून घेत नाही. त्यांना हे विचित्रच वाटलं असणार. पण आमच्यात अशीच पद्धत असेल असं समजून त्यांनी मान दिला. दुसऱ्या दिवसापासून मी झाले सिस्टर. कुणाची डॉक्टर. कुणी नुसतंच, अहो, इकडे.

घरीसुद्धा तेच. मी परत आले तर फ्रीज कोरा. तक्ता नाही, शाळेचा फोटो नाही. नवऱ्यानं सगळं काढून टाकलं होतं, चिकटपट्टीचे डागसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून. विचारलं तर म्हणाला, तुला त्रास नको म्हणून. कागद कुठायत, तर फाडले. त्याच्यावर ओरडणार कुठल्या तोंडानं! बंदी माझीच होती. पोरानंच एकदा सांगितलं होतं मला, एखादं शहर हरलं की जिंकणारे तिथल्या राजाच्या दगडावरचं तोंड फोडायचे आणि नाव छिलून काढायचे. नाव गेलं की राजा गेला. तेव्हा मी कणीक मळत होते, हं हं करत.

पहिले दोन महिने मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी माझ्या ध्यानात आलं की गेल्या किती दिवसांत मी ते नाव ऐकलंच नाही. कुणाच्याच तोंडून. नवरा म्हणतो, तेव्हा. मुलगी म्हणते, बिफोर. तिला दादाचं काही बोलायचं असलं की ती वाक्य अर्धवट सोडते आणि आपल्या खोलीत जाते, बारा वर्षांची पोर. मला ते नाव ऐकायचं होतं. वेड्यासारखं ऐकायचं होतं. स्वतः म्हणून बघितलं बाथरूममध्ये, नळ सोडून. स्वतः म्हटलेलं चालत नाही. दुसऱ्यानं हाक मारावी लागते.

मग बंदी उठवायची ना! सांगायचं सगळ्यांना. पण सांगणार कसं? अहो, आता म्हणा बरं का, असं? लोक एवढे जपतात, त्यांच्या तोंडाला मीच कुलूप लावलंय आणि मीच परत किल्ली घेऊन फिरू? मला लाज वाटली. राग आला आणि लाज वाटली, आणि मी गप्प बसले.

आठव्या महिन्यात खाला आली.

खाला म्हणजे मावशी, इथं म्हाताऱ्या बाईला तसंच म्हणतात. सहा वर्षांपूर्वी मी तिचा गुडघा चालता केला होता. नंतर ती मुलाकडे राहायला गेली, तिकडे रास अल खैरच्या बाजूला, मुलगा तिथल्या प्लांटमध्ये. आता तिचा खांदा आखडला होता. तिथं कुणाला हात लावू देईना. मला तीच बाई पाहिजे म्हणून हट्ट धरला, आणि मुलगा गाडी चालवत दीड तास तिला घेऊन आला. ती दारातून आत आली, अबाया सावरत, आणि तिथूनच, सगळं क्लिनिक ऐकेल अशा आवाजात तिनं मला हाक मारली. उम्म, आणि पुढे त्याचं नाव. तिच्या त्या वाकड्या उच्चारात.

रिसेप्शनवरचा मुलगा पांढराफटक पडला. नागपूरची नर्स हातातला ट्रे ठेवून धावतच आली. मी तिला हातानंच थांबवलं आणि खालाला आत घेऊन पडदा ओढला.

तिनं बसायच्या आत विचारलं, कसा आहे तो?

मी म्हटलं, मजेत आहे.

तिनं नेहमीप्रमाणे म्हटलं, "अल्ला यखल्लीह लिक." म्हणजे देव त्याला तुझ्यासाठी राखो. इथं मुलांचं नाव निघालं की सगळेच म्हणतात. मी तिच्या खांद्यावर गरम शेक ठेवला आणि तो तिथंच दाबून धरला.

तिला सगळं आठवत होतं. तो वेटिंग रूममध्ये तिच्या शेजारी बसायचा, तिच्या डब्यातले खजूर संपवायचा. तिनं एकदा विचारलं होतं, माझं चित्र काढतोस का, तर त्यानं तिचं वय विचारून तिला चार कातुनांची राणी करून टाकलं होतं. तेव्हापासून ती स्वतःला राणी म्हणवून घ्यायची आणि सुनांना छळायची, असं तीच हसत सांगायची. हे सांगताना तिनं पाच-सहा वेळा त्याचं नाव घेतलं. मी मोजत होते.

आठवड्यातून तीनदा ती यायची. रविवार, मंगळवार, गुरुवार. प्रत्येक वेळी दारातून हाक, प्रत्येक वेळी तो कसा आहे. मी सांगत गेले. परीक्षा चालू आहे त्याची. केस वाढवलेत. फोन करत नाही, आईची आठवण कुठे येते आजकालच्या मुलांना! ती म्हणायची, येऊ दे तर खरं, कान पिळते. रविवारची मी शनिवारपासून वाट बघायचे. घरी मुलीला डबा देताना मी गुणगुणतेय हे माझं मलाच कळायचं आणि मी तोंडावर हात ठेवायचे.

आता जे केलं ते सांगते. खांदा असा आखडला की महिनोन् महिने लागतात, पण खालाचा हात लवकर सैल झाला. नेमानं व्यायाम करायची बिचारी. भिंतीवर बोटं चढवत चढवत पार वर न्यायची. दोन महिन्यांत तिचा हात डोक्याच्या वर, कानाला लागून सरळ. फाईलमध्ये मी तसं लिहिलं नाही. हात किती वर जातो ते मोजायचं साधन लावायचे, एकशे सत्तर अंश यायचं आणि मी एकशे दहा लिहायचे. खाली लिहायचे, उपचार चालू ठेवावेत. पंचवीस वर्षं हे काम करतेय, एक आकडा कधी खोटा लिहिला नव्हता. विम्यानं पुढची मंजुरी दिली. त्या म्हाताऱ्या बाईला मी आणखी महिनाभर, आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन तीन तास वाळवंटातून ओढत आणलं, बरा झालेला खांदा घेऊन. कारण अख्ख्या जगात तीच एक उरली होती जी त्याला जिवंत समजून त्याचं नाव घ्यायची.

तिच्या मुलानं एकदा हळूच विचारलं की अजून किती दिवस, माझ्या सुट्ट्या संपत आल्या. मी तोडून बोलले त्याला. आईसाठी एवढं करता येत नाही का, असं म्हणाले. मी. तो बिचारा मान खाली घालून गेला.

मग एका मंगळवारी नर्सनं मला स्टोअरमध्ये गाठलं. तिच्या हातात खालाची फाईल होती.

"ताई, तो हात बरा होऊन महिना झाला. मी बघते ना रोज, ती स्कार्फ स्वतः बांधते."

मी तिच्यावर भडकले. तू तुझं काम कर, मला शिकवू नकोस, वगैरे. ती ऐकून घेत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यानं मी जास्तच चिडले. शेवटी बोलायचं सगळं संपलं. म्हटलं, गुरुवारी सोडते तिला. तिनं मान हलवली. तेव्हाच मी बोलायला हवं होतं की खालाला काही सांगू नकोस. बोलले नाही. तिच्या चांगुलपणावर माझं लक्षच नव्हतं.

गुरुवारी खाला आली तेव्हा दारातून हाक आली नाही.

मी पडद्याआड सगळं मांडून बसले होते. त्या दिवशी तिच्याकडून त्याचं नाव शेवटचं ऐकायचं, नीट, घाई न करता ऐकायचं, एवढंच ठरवलं होतं. मग हसतमुखानं निरोप द्यायचा. ती आत आली, शेजारी टेकली आणि माझे दोन्ही हात तिच्या हातात घेतले. तिचे डोळे सुजलेले होते. नर्सनं तिला बाहेर कॉरिडॉरमध्येच तो गेल्याचं सांगितलं होतं. आणि हेही सांगितलं होतं की आमच्यात गेलेल्याचं नाव आईपुढे घेत नाहीत.

तिनं पर्समधून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं, दवाखान्याचं कार्ड ठेवतात तसलं. त्यातून घडी घातलेला कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. चौकोनी डोकं, वटारलेले डोळे, शेजारी चार टिंबं. तिची पदवी. सहा वर्षं तिनं ती जपली होती. आणि कोपऱ्यात, लहान, काढणाऱ्याची सही होती. त्याच्या नावाची खूण, मला ती ओळखता यायची. तिच्या पुढे आणखी दोन खुणा. एक लेकरू म्हणायची. दुसरी मी.

सगळे कागद फाडले गेले होते. हा एवढा एक राहिला होता.

मला तिला सांगायचं होतं, खाला, म्हण. एकदा म्हण, मला चालतं, मला तेच हवंय. एवढी अरबी मला येते, पंधरा वर्षं झाली. लोकांना हात वर घे, श्वास सोड, दुखतं का, हे मी दिवसभर सांगतेच की. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण तिचा चेहरा इतका सांभाळून धरलेला होता, मला लागू नये म्हणून ती एवढी जपत होती, की तोंड उघडलंच नाही. मी फाईल ओढली, एकशे सत्तर लिहिलं आणि खाली सही केली. खलास, खाला, हात बरा झाला, असं म्हटलं. तिनं माझ्या कपाळाचा मुका घेतला.

ती पडद्याबाहेर गेली. तिचा मुलगा दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. नर्स तिच्यासोबत चालत होती आणि हळू आवाजात तिला काहीतरी सांगत होती. दारापाशी खाला थांबली. वळली. नेहमीच्याच त्या आवाजात, सगळं क्लिनिक ऐकेल असं तिनं मला हाक मारली. उम्म, आणि पुढे माझ्या मुलीचं नाव.

रिसेप्शनवरच्या मुलानं मान वर केली आणि हसला. नर्सनंही माझ्याकडे बघितलं, आता बरं वाटेल ताईंना, अशा चेहऱ्यानं. सगळे थांबले होते.

मी ओ दिली.